कार्ड भारी घेतलं तरी गेम अडकतो: आधी कोण कोणासाठी थांबलंय ते बघा

“काका, नवीन कार्ड टाकलं तरीबी गेम अटकायलाय.”

दिवाळीनंतरचे दोन महिने हे वाक्य माझ्या टेबलासमोर सारखं ऐकू येतं. सोयाबीन विकलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, वडिलांनी कधीचा दिलेला शब्द पाळलेला असतो. आलेला सगळा पैसा पोराने ग्राफिक कार्डात घातलेला असतो, कारण व्हिडिओवाले रात्रंदिवस कार्डाचंच बोलतात. आणि गेम पहिल्यासारखाच अडकतो. मग पोरगं म्हणतं कार्ड खराब आहे, विकणारा म्हणतो कार्ड बदलून मिळणार नाही, आणि वडील दोघांच्या मध्ये उभे.

परभणीत कॉम्प्युटर जोडण्या-दुरुस्त्या करताना हा एकच घोटाळा मी इतक्यांदा सोडवलाय की आता तो नीट लिहून ठेवावा असं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी मोजा, मग खर्च करा. कोणता भाग कोणासाठी थांबलाय हे कळायला अर्धा तास लागतो आणि एक रुपयाही लागत नाही. ते न बघता पार्ट बदलत बसलात, तर चुकीचा पार्ट बदलाल.

मागच्या हंगामातलं एक मशीन सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्याच चुका एकत्र होत्या. सेलूहून बापलेक आले. कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर आणलेलं. (कॅबिनेट असं नेताना ग्राफिक कार्ड आधी काढून वेगळं न्या. कार्डाचं वजन स्लॉटवर लटकतं आणि आमच्या रस्त्यांवर एका खड्ड्यात स्लॉट चिरू शकतो.) आत होता रायझन ३ ३२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम आणि नवंकोरं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. दोन वर्षांपूर्वी मशीन कार्डाशिवायच घेतलेलं, कारण ३२००जीमध्ये स्वतःचं ग्राफिक असतं. मग पैसे साठले आणि कार्ड आलं. व्हॅलोरंट आधीपेक्षा फार वेगळा वाटेना, आणि जीटीए फाइव्हमध्ये शहरात गाडी जोरात घातली की चित्र झटके मारायचं.

वडील म्हणाले, “अहो, एका कार्डालाच एवढे पैसे गेले. पोरगं मनतंय अजून अटकायलंय. कामून असं?”

त्यांना मी सांगितलं तेच इथे सांगतो. गेममधलं प्रत्येक चित्र, म्हणजे एक फ्रेम, दोन हातांतून जाते. प्रोसेसर आधी हिशेब करतो: गाडी कुठे पोचली, रस्त्यावरची माणसं कुठे चाललीत, गोळी कोणाला लागली. मग तो कार्डाला सांगतो की आता हे असं काढ, आणि कार्ड ते रंगवतं. सोयाबीनची मळणी डोळ्यांपुढे आणा. गंजीवरून काड उचलून यंत्रात टाकणारी माणसं म्हणजे प्रोसेसर, आणि मळणीयंत्र म्हणजे कार्ड. यंत्र केवढंही मोठं आणलं आणि काड टाकायला दोनच माणसं असली, तर यंत्र मोकळं फिरत राहतं. डिझेल जळतं, पोतं काही भरत नाही. आणि दहा माणसं लावून यंत्र लहान असलं, तर माणसं हात बांधून उभी राहतात.

हे सगळं किती वेळात व्हायला हवं? सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. त्या वेळात प्रोसेसरचंही काम उरकलं पाहिजे आणि कार्डाचंही. दोघांत जो हळू, त्याच्या चालीने गेम चालतो.

आकडे पडद्यावर आणा

एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट प्रोग्राम घ्या. त्याच्यासोबत आकडे गेमवर दाखवणारा रिवाट्यूनर येतो, तोही बसवा. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. सेटिंगमध्ये मॉनिटरिंगवर जाऊन एवढ्या गोष्टी गेमच्या वर दिसतील अशा करा: जीपीयूचा (म्हणजे कार्डाचा) वापर, जीपीयूची मेमरी आणि तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (म्हणजे एका वेळी एक काम करणाऱ्या हाताचा) वेगळा वापर, प्रोसेसरचं तापमान, रॅमचा वापर, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला किती वेळ) आलेख. प्रत्येक ओळ निवडून ‘ऑन-स्क्रीन डिस्प्ले’वर खूण करावी लागते. ती खूण राहून जाते आणि मग “काहीच दिसत नाही” म्हणून फोन येतात.

मोजायच्या आधी गेममधलं व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग, बंद करा आणि फ्रेमला कुठे मर्यादा घातली असेल तर ती काढा. ६० वर कुलूप असेल तर कार्ड ४० टक्क्यांवरच दिसणार. तो दोष नाही, त्याला तेवढंच काम दिलेलं आहे. मग गेमचा जो भाग सगळ्यांत जास्त अडकतो तिथेच जा. मेनूतले आकडे काही कामाचे नसतात. दहा मिनिटं खेळा आणि बघा.

कार्ड ९७ ते ९९ टक्क्यांवर असेल, तर कार्ड पूर्ण चाललंय, प्रोसेसर त्याला पुरा पडतोय. हे बघून बरेच जण घाबरतात, कार्ड जळेल म्हणतात. घाबरायचं काहीच कारण नाही. तापमान आटोक्यात असेल तर ही सगळ्यांत निरोगी अवस्था, घेतलेल्या कार्डाचा पैसा वसूल होतोय. फ्रेम कमी पडत असतील तर सेटिंग उतरवा, नाहीतर खरंच मोठं कार्ड घ्या.

कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय, कुठे मर्यादा घातलेली नाही आणि फ्रेम तरी कमीच, तर प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे बघा. इथे एक फसवी गोष्ट आहे. विंडोजमधला टास्क मॅनेजर प्रोसेसरचा जो एकच आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. १२ थ्रेडचा प्रोसेसर ३० टक्के दाखवत असला, तरी गेमचा मुख्य धागा ज्या एका थ्रेडवर चालतो तो पूर्ण भरलेला असू शकतो. बाकीचे बरेचसे मोकळे असले तरी गेमला त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवायला सांगितलं.

सेलूच्या मशीनवर हे शोधावंही लागलं नाही. ३२००जीला चार कोर आणि चारच थ्रेड. शहरात गाडी वळली की चारही थ्रेड शंभराला टेकायचे, कार्ड पन्नाशीच्या खाली यायचं आणि फ्रेमटाइमची रेघ, जी सपाट असायला हवी, ती करवतीच्या दातांसारखी व्हायची. पोराला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. झटका बसतो त्याच क्षणी दात वर उठतो, आणि त्याच क्षणी कार्डाचा आकडा खाली येतो. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आता समजावायची गरज उरली नाही.

खात्रीसाठी एक चाचणी नेहमी करा. रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. १०८०पीच्या चित्रात जवळपास २०.७ लाख ठिपके असतात, ७२०पीच्या चित्रात ९.२ लाख. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, प्रोसेसरचं मात्र तेवढंच राहिलं. एवढं करून फ्रेम वाढल्या, तर अडचण कार्डाची होती. फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसरची. आमच्या चाचणीत फ्रेम जागच्या हलल्या नाहीत.

सरासरीवर फार जाऊ नका. सरासरी ९० असून गेम खेळवत नाही असं होतं, कारण अडकणं सरासरीत दिसत नाही. सगळ्यांत वाईट १ टक्का फ्रेमचा आकडा बघा, ज्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. सरासरी ९० आणि तो २५ असेल, तर हाताला झटकेच लागणार. कमजोर प्रोसेसरची खूण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

नेटवर दोन पार्टची नावं टाकली की बॉटलनेक, म्हणजे एकामुळे दुसऱ्याचं अडणं, इतके टक्के असं सांगणारी कॅल्क्युलेटर आहेत. त्यांच्या भरवशावर पोरं घेतलेलं मशीन विकायला निघतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. तुम्ही कोणता गेम, कोणत्या सेटिंगवर, कोणत्या मॉनिटरवर खेळता यावर सगळं ठरतं. एकाच मशीनवर सायबरपंक २०७७ कार्डाला घाम फोडतो आणि व्हॅलोरंट प्रोसेसरला. मग एकच टक्का दोघांना कसा लागू होईल?

नवीन पार्टआधी फुकटातलं काम

सेलूच्या मशीनमध्ये प्रोसेसर कमजोर होता हे खरं, पण त्याच्या आधी तीन गोष्टी सापडल्या. या तिन्ही मला दर दुसऱ्या मशीनमध्ये सापडतात.

पहिली, रॅमचा वेग. पट्टीवर ३२०० लिहिलेलं, टास्क मॅनेजरमध्ये २४००. मदरबोर्ड रॅमला स्वतःहून पूर्ण वेगाने चालवत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५च्या एएमडी मशीनवर एक्सपो. एक टिचकी मारायची असते, पण मशीन जोडून देणाऱ्याने ती मारलेली नसते आणि घेणाऱ्याला तसं काही असतं हेच माहीत नसतं. ३२००जीचा अधिकृत वेग २९३३पर्यंतच आहे, म्हणून मी आधी २९३३वर ठेवून बघितलं.

दुसरी, एकच पट्टी. ८ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे रॅमकडे जायला दोन रस्ते, एक पट्टी म्हणजे एकच रस्ता. प्रोसेसर अडचणीत असतो तेव्हा हा फरक झटक्यांमध्ये लगेच जाणवतो, आणि आजच्या गेमला ८ जीबी तसेही पुरत नाहीत. बोर्डावर चार स्लॉट असतील तर पट्ट्या शेजारी-शेजारी खुपसू नका. प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट धरा. बहुतेक बोर्डांच्या पुस्तिकेत हेच लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. ज्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक असतं, तो रॅममधला एक हिस्सा त्या ग्राफिकसाठी बाजूला काढून ठेवतो. या मशीनमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली ‘हार्डवेअर रिझर्व्हड’समोर २ जीबी दिसत होते. म्हणजे ८मधले २ जीबी अशा ग्राफिकसाठी अडकून पडलेले, जे आता वापरातच नव्हतं. बायोसमध्ये जाऊन तो हिस्सा कमीत कमी केला आणि ते २ जीबी परत मिळाले.

मॉनिटरची वायर कुठे लावलीय तेही बघा. कार्डाला न लावता मदरबोर्डच्या मागच्या तोंडाला लावलेली वायर मी वर्षातून चार-पाच वेळा तरी काढतो. ३२००जीसारख्या प्रोसेसरवर चित्र दिसतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि भारी कार्ड आत नुसतं बसून राहतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६०वर तर नाही ना, हेही बघून घ्या.

केव्हा अडकतो, हे पण विचारा

सुरुवातीला छान चालून वीस मिनिटांनी अडकत असेल, तर प्रोसेसर-कार्डाच्या जोडीला दोष द्यायच्या आधी उष्णता बघा. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी कॅबिनेटच्या आत काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास, रायझनची ९० ते ९५. वेग उतरला की आकड्यांत तो कमजोर प्रोसेसरसारखाच दिसतो. फरक एवढाच की सकाळी सहाला तोच गेम नीट चालतो. पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसर आणि पंख्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा, टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर आणा. खोलीतल्या कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्याच्या जाळीवर असा थर बसतो की तो ब्रशनेही निघत नाही.

नवीन गेम पहिल्या तासातच झटके मारतो आणि नंतर सुधारतो, तर तो शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार करतोय. त्याला वेळ द्या. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे, तर एसएसडी घ्या, बाकी काही करू नका. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलीय, जे ४ आणि ६ जीबीच्या कार्डांवर आता नेहमीचं झालंय, तर टेक्स्चर (भिंती-रस्त्यांवरच्या चित्रांचा बारकावा) एक पायरी खाली आणा. गेम अडकत नाही पण मशीनच एकदम बंद पडतं किंवा पुन्हा सुरू होतं, तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासा. तो या लेखाचा आजार नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या, म्हणजे मुख्यतः आय-सेव्हन आणि आय-नाइन प्रोसेसरवर गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश देऊन बंद पडत असेल, तर संदेश कार्डाचा असला तरी दोष प्रोसेसरचा असू शकतो. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजत होते. २०२४मध्ये कंपनीने ते मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही वाढवली. अशा मशीनचं बायोस जुनं असेल तर आजच नवं करा.

उलट्या बाजूचा आजार

लातूरहून शिकवणीला असलेल्या एका मुलाच्या मामांनी मशीन पाठवलं. “आय-सेव्हन हाय, चार जीबीचं कार्ड हाय, तरी गेम लागंना.” उघडून बघितलं तर आय-सेव्हन ३७७०, म्हणजे २०१२चा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेल्या लहान कॅबिनेटमधला. आणि कार्ड होतं जीटी ७३०, २०१४चं. आय-सेव्हन आणि चार जीबी या दोन शब्दांवर मशीन विकलं गेलं होतं. ज्याने विकलं त्याने खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही.

कार्ड किती जीबीचं, हा प्रश्न विचारणंच आधी सोडायला हवं. जीबी म्हणजे सामान ठेवायची कोठी. मळणी करतो तो चिपचा भाग वेगळा. जीटी ७३०ला ४ जीबी दिले काय आणि ८ दिले काय, चिप तीच राहणार. इथे कार्ड ९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, म्हणजे निदान स्वच्छ होतं. पण उपाय अवघड. त्या लहान कॅबिनेटच्या एसएमपीएसला ग्राफिक कार्डाची वेगळी वायर नसते, म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागेल असंच कार्ड हवं. अशा वेळी लोक आरएक्स ६४०० सुचवतात. मी त्या मशीनला जीटीएक्स १६५० सुचवलं. आरएक्स ६४००ला स्लॉटच्या १६ लेनपैकी (माहिती जायच्या रस्त्यांपैकी) ४च वापरता येतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं, जुन्या बोर्डाच्या मंद स्लॉटवर नाही. जीटीएक्स १६५० सगळ्या १६ वापरतं. मात्र घेताना जास्तीची वायर न लागणारंच घ्या, त्या नावाची काही कार्डं वायर मागतात.

आणि मामांना हेही स्पष्ट सांगितलं की यापुढे या मशीनमध्ये पैसा घालू नका. इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

पैसा वाटायचा कसा

नवीन मशीन घेणारा मला विचारतो, प्रोसेसरला किती आणि कार्डाला किती? मी त्याला आधी दोन प्रश्न विचारतो. मॉनिटर कोणता आणि गेम कोणते?

साधा १०८०पी मॉनिटर, ६० किंवा ७५ हर्ट्झ, आणि गोष्टीवाले मोठे गेम असतील, तर प्रोसेसरला एक रुपया, कार्डाला दोन. कधी सव्वादोनही चालतात. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हेच रोज खेळायचे, मॉनिटर १४४ किंवा त्याहून वेगवान, तर वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी करा. हे खेळणारे सेटिंग मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे कार्डाला काम थोडं उरतं आणि सगळी धावपळ प्रोसेसरची होते. मॉनिटर १४४०पीचा असेल, म्हणजे एका चित्रात जवळपास ३६.९ लाख ठिपके, तर कार्डाला तिप्पट द्यायलाही मी कचरत नाही. पण हे गुणोत्तर लावायच्या आधी चांगला एसएमपीएस, १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत आणि एसएसडी, एवढे पैसे बाजूला काढून ठेवायचे. एसएमपीएसमधून वाचवलेले पैसे मी कधी कोणाला फायद्याचे पडलेले बघितले नाहीत.

माझ्या हातून गेलेल्या आणि तक्रार न आलेल्या जोड्या सांगायच्या, तर आय-फाइव्ह १२४००एफ किंवा रायझन ५ ५६००सोबत आरटीएक्स ३०६०, आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००. हात आखडता असेल तर आय-थ्री १२१००एफसोबत आरएक्स ६६००. चार कोर आहेत, पण थ्रेड आठ, त्यामुळे ३२००जीसारखी गत होत नाही. रायझन ५ ५५०० स्वस्त दिसतो म्हणून ५६००ऐवजी उचलतात. मला ती बचत पटत नाही. ५६००मध्ये ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५५००मध्ये १६, आणि गेममध्ये ही कॅश फार कामाला येते. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी गेममध्ये इतके पुढे आहेत ते ९६ एमबी कॅशच्याच जोरावर.

इंटेलचं आर्क बी५८० कार्ड १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडतं. नव्या प्रोसेसरवर ते छान चालतं. जुन्या, कमजोर प्रोसेसरवर मात्र त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. म्हणून जुन्या मशीनमध्ये घालायला ते घेऊ नका. बिल पक्कंच घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिलाशिवाय कार्ड घेतलं आणि आठ महिन्यांनी गेलं, की वॉरंटीसाठी दाखवायला हातात काही राहत नाही.

प्रोसेसर बदलायचाय, पण आधी बायोस

सेलूच्या मुलाचं नशीब चांगलं होतं. बी४५० बोर्डाचं एएम४ सॉकेट इतकं टिकलं की २०१८च्या बोर्डावर २०२२चा रायझन ५ ५६०० बसतो. फक्त बायोस नवं लागतं. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच ते चढवा. आधी प्रोसेसर बदललात तर पडद्यावर काहीच येणार नाही. फाइल बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून, अगदी तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्याच आवृत्तीची घ्या आणि पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. त्या पानावरची सूचनाही वाचा, काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून सगळ्यांत जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो.

आणि हे काम लाईटच्या भरवशावर करू नका. बायोस चढत असताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड मुका होतो, आणि तो प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर जिवंत करून आणायला संभाजीनगर किंवा पुण्याला पाठवावा लागतो. यूपीएस नसेल तर इन्व्हर्टरवरच्या प्लगला मशीन लावा. तेही नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मशीन घेऊन जा. आमच्याकडे येणारी अर्धी बायोसची कामं याच कारणाने येतात.

ज्यांचं इंटेल आहे त्यांनी सॉकेट बघावं. १२व्या, १३व्या, १४व्या पिढीचं सॉकेट एकच आहे, त्यामुळे आय-थ्री काढून आय-फाइव्ह घालता येतो. १०व्या-११व्या पिढीवाल्यांना तेवढ्यातच फिरावं लागतं. त्याहून जुन्यांना बोर्ड आणि रॅमसकट नवीन घ्यायचं असेल, तर मी म्हणतो घाई नको. आधी सेटिंगने किती सुधारतंय ते बघा. प्रोसेसर अडत असेल तर गर्दी, लांबचं दिसण्याचं अंतर आणि रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) कमी करा. टेक्स्चर मात्र बिनधास्त वाढवा, तो भार कार्डावर जातो. डीएलएसएस किंवा एफएसआर, म्हणजे लहान चित्र काढून मोठं करणाऱ्या सोयी, लावून अशा वेळी काही मिळत नाही. ते कार्डाचं ओझं उतरवतात आणि कार्ड आधीच मोकळं आहे. उलट रिवाट्यूनरमध्ये फ्रेमवर मर्यादा घाला. फ्रेम ९० आणि ५०च्या मध्ये उड्या मारत असतील तर ६०वर बांधा. आकडा कमी दिसेल, पण हाताला गेम सपाट लागेल.

बापलेकांनी पहिल्या दिवशी रॅमची दुसरी पट्टी तेवढी घेतली. मीच सांगितलं होतं, आठ दिवस यावर खेळून बघ, पुरलं तर बरंच आहे. व्हॅलोरंटमधले झटके जवळजवळ गेले. जीटीएच्या शहरात चार थ्रेड तसेच भरत होते. कापसाची दुसरी वेचणी झाल्यावर ते ५६०० घेऊन आले. बायोस चढवलं, पंखा काढून जुनी पेस्ट पुसली, प्रोसेसर बसवला, रॅम ३२००वर नेली. ५६००ला स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणून मॉनिटरची वायर कार्डालाच लावायची, हे पोराला दोनदा सांगितलं.

त्याच रस्त्यावर तीच गाडी घातली. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर, एकही थ्रेड शंभराला टेकत नव्हता, फ्रेमटाइमची रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ. मॉनिटर ७५ हर्ट्झचा होता, म्हणून फ्रेम ७५वर बांधून दिल्या. त्यामुळे कार्डही थंड राहिलं. काढलेला ३२००जी एका झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये बसलाय. पीकविम्याचे फॉर्म आणि प्रिंट काढायला तो अजून बरीच वर्षं पुरेल.